टेपमावशीची पाच फूट जागा

टेपमावशीच्या दुकानात एक पडदा आहे. दुकान म्हणजे तरी काय, घराची पुढची खोली; आठ फूट रुंद, दहा फूट लांब. तिच्यात दोन शिलाई मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात हा पडदा. दुहेरी कापडाचा, जमिनीला टेकणारा, आणि खालच्या दुमडीत वाळू भरून शिवलेला, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने हलायलासुद्धा नको. माप घ्यायचं ते पडद्याच्या आत, आणि आत एका वेळी एकच बाई. मापाला आलेल्या मुलीची आईसुद्धा बाहेर.

"अहो, मी आई आहे तिची!" एखादी फणकारते.

"म्हणूनच सांगते, बाहेर बसा. स्टूल आहे, पंखा आहे, पाणी पण आहे."

आत मावशी माप घेते ते चकार शब्द न काढता. टेप लावते, बघते, वहीत लिहिते, पुढचं माप. तीस वर्षांत तिच्या तोंडून कुणाच्या छातीचा की कमरेचा आकडा बाहेर पडलेला नाही. वही मशीनच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली गळ्यात. गळ्यात टेपही असते. ती बाजारात जातानाही उतरत नाही, म्हणून सगळी आळी तिला टेपमावशी म्हणते. खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या कार्डावर आणि नवऱ्याच्या रागात उरलंय.

हे खूळ आलं कुठून, तर ऐका. पंधराव्या वर्षी ही पहिल्यांदा ब्लाऊज शिवायला टेलरकडे गेली. मास्तर टेप लावायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा. पलीकडे बसलेला त्याचा म्हातारा भाऊ तो लिहून घ्यायचा. टेलरांची ही जुनीच रीत. बाकावर पँट शिवायला आलेले चार बाप्ये बसलेले. मास्तरच्या मनात पाप नव्हतं, हे मावशी आजही शपथेवर सांगेल. त्याला माप दिसत होतं, पोरगी दिसत नव्हती, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एका टवाळाने तिला त्या आकड्याने हाक मारली, आणि पुढची दोन वर्षं तोच आकडा तिचं नाव होऊन बसला. ती लांबच्या रस्त्याने जायला लागली. टेलरकडे पुन्हा पाऊल टाकलं नाही. घरातल्या जुन्या मशीनवर स्वतःचे कपडे स्वतः शिवायला शिकली, आणि कानाला खडा लावला की आपल्या हातून कुणाचं असं होऊ द्यायचं नाही.

आता अशी बाई रांगेत उभी राहिली की काय होणार? आपल्याकडे रांग म्हणजे पुढच्याच्या मानेवर श्वास टाकल्याशिवाय आपला नंबर येत नाही अशी पक्की समजूत. पिशवी पुढच्याच्या पाठीला, कोपर बाजूच्याच्या बरगडीला, आणि डोळे जो काउंटरवर उभा आहे त्याच्या कागदात. कुणी हटकलं तर उलट त्यालाच, "एवढं सोवळं असेल तर घरी बसायचं!" मावशी पुढच्यापासून हातभर जागा सोडून उभी राहते, आणि मागचा चिकटला की वळून विचारते, "माप घ्यायचंय का?" बहुतेक जण तेवढ्यावरच मागे होतात. उरलेल्यांना ती गळ्यातली टेप काढून दाखवते.

तिची धाकटी जाऊ अगदी उलट. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच गोदामात कामाला. या दोघी घरी बसून शिवतात. मावशी कापते आणि शिवते, जाऊ काज, बटणं, हातशिलाई आणि इस्त्री बघते. स्वभावाने गरीब गाय. कुणी पायावर पाय दिला तर हीच म्हणणार, "लागलं का तुम्हाला?" भीड भिकेची बहीण, असं मावशी तिला दिवसातून दोनदा ऐकवायची, आणि ती हसून सुईत दोरा ओवायची.

जावेला लहानपणापासून फिट येते. गोळ्या वेळेवर घेतल्या तर वर्षानुवर्षं काही होत नाही. सरकारी दवाखान्यात त्या महिन्याला फुकट मिळतात, बाहेरच्या दुकानात घेणं झेपणारं नाही. पण दवाखान्याचा नियम असा की पेशंटने स्वतः हजर राहायचं आणि खिडकीत सही करायची. ती खिडकीही अशी की बोलायचं भोक माणसाच्या पोटाच्या उंचीवर. पोक काढून, मान वाकडी करून बोलायचं, आणि मागची चार डोकी आपल्या खांद्यावरून कार्ड वाचणार. आतला औषधवाला घसा फोडून बोलायचा, आणि समोरच्यालाही घसा फोडायला लावायचा.

एका महिन्यात जावेच्या मागे लॉन्ड्रीवाली उभी होती. हिचं दुकान मावशीच्या समोरच. हनुवटी जवळजवळ जावेच्या खांद्यावर टेकवून तिने सगळं ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते आळीभर झालं. दुसऱ्या दिवशी जो तो येऊन उपाय सांगायला लागला. एकीने शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. "तसं काही नाही हो," ती म्हणाली, "पण माझं कापड महागाचं आहे."

पुढच्या महिन्यात जाऊ पिशवी घेऊन नेहमीप्रमाणे दवाखान्याला गेली, आणि बागेतल्या बाकावर दोन तास बसून परत आली. विचारलं तर म्हणाली, मिळाल्या. पंधरा दिवस ती रिकाम्या पुडीतून गोळी काढल्यासारखं करून वरून पाणी पीत होती. सोळाव्या दिवशी इस्त्री करताना फिट आली आणि ती कोसळली ती तापलेल्या इस्त्रीवर हात टाकूनच. उजव्या तळहाताची साल निघाली.

"गोळी एक दिवसही चुकवायची नाही," पट्टी बांधताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज हातावर भागलं. उद्या रस्ता ओलांडताना पडल्या तर?" त्यांनी आपल्याजवळच्या गोळ्या दिल्या, गुरुवारपर्यंत पुरतील एवढ्या. पुढच्या गोळ्या खिडकीतूनच घ्यायच्या होत्या.

"मी नाही जाणार," जाऊ म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कशाला तरी नाही म्हटलं होतं, आणि ते नेमकं औषधाला.

"जाशील," मावशी म्हणाली. "मी येते बरोबर. बघते कोण तुझ्या अंगावर येतो ते."

सोमवारी दोघी गेल्या. जाऊ खिडकीशी पोचली तशी मावशीने टेपचं एक टोक तिच्या टाचेशी धरलं, दुसरं मागे ताणलं, आणि पिशवीतून कापडावर आखायचा निळा खडू काढून फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ ओढली. जागा पाच फूट भरली, कारण शिवणकामाची टेपच पाच फुटांची असते. दहा फुटांची असती तर हिने दहा फूट घेतली असती. मग ती रेघेमागे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ मावशी, पुढे सरका की! रांग तुटली."

"तुटली नाही, थांबलीय."

"मध्ये एवढी जागा काय नाचायला ठेवलीय?"

"नाचायचं असेल तर बाहेर पटांगण मोकळं आहे."

हशा झाला. काखेत फाईल धरलेला एक गृहस्थ मात्र तावातावाने रेघ ओलांडायला निघाला. मावशीने टेप त्याच्या पोटापुढे आडवी धरली.

"तुमची पाळी आली की तुम्हालाही एवढीच जागा मिळेल. तुमचं दुखणंही कुणाला ऐकू येणार नाही."

"माझ्यात लपवण्यासारखं काही नाही!"

"मग सांगा की. वीस-पंचवीस माणसं आहेत इथे. मोठ्याने सांगा, काय होतंय तुम्हाला?"

फाईलवाल्याने फाईल छातीशी धरली आणि एक पाऊल मागे घेतलं. तेवढ्यात वॉचमन आला. "बाई, फरशीवर रेघा मारायला परवानगी आहे का?"

"चिकटून उभं राहायला कुणी परवानगी दिली, तो कागद आधी दाखवा. मग मी माझा दाखवते."

वॉचमनला असा कागद कुठून मिळणार? तो डोकं खाजवत राहिला. सगळा हॉल आता मावशीकडे बघत होता, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. जिंकलो, असं तिला वाटलं. आणि त्या शांततेत काचेमागून औषधवाला कडाडला, "फिटच्या गोळ्या ना? अहो, मोठ्याने बोला! शेवटची फिट कधी आली होती?"

पंचवीस माना मावशीकडून जावेकडे वळल्या. जावेने कार्ड उचललं, रेघ ओलांडली आणि ती कुणाकडे न बघता दाराबाहेर गेली. गोळ्या खिडकीतच राहिल्या.

मावशीने तिला फाटकापाशी गाठलं. "अगं, थांब तरी."

"जाऊबाई, आजपर्यंत आळीला ठाऊक होतं," जाऊ म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्त लागलं. "आज तुम्ही अख्खा दवाखाना गोळा केलात आणि गप्प केलात, मला ऐकायला. मी म्हटलं होतं का तुम्हाला रेघ मारा म्हणून?"

मावशीने हातातली टेप परत गळ्यात टाकली. आगीतून फुफाट्यात टाकलं होतं तिने जावेला. घरी येऊन ती मशीनवर बसली, पण पाय चालेना. तिने अंगाला अंग लागू नये म्हणून जागा मोजली होती. आवाज टेपच्या बाहेर जातो, हे जन्मभर माहीत असून विसरली होती. मुळात ज्या बाईचा पंधराव्या वर्षी आवाजानेच घात केला, तिने हे विसरावं? त्या मास्तरला माप दिसत होतं, पोरगी दिसत नव्हती. आज हिला रेघ दिसत होती, जाऊ दिसत नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्या बाईला आपल्या डोळ्यातलं मुसळ असं भर दुपारी दिसलं, आणि ती रडली. रडण्याची सवय नसल्यामुळे तिला ते नीट जमलंही नाही.

संध्याकाळी तिने जावेच्या हाताची पट्टी बदलली. "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

"आता काय करणार?" जावेने विचारलं.

"ओरडणार नाही. पण सोडणारही नाही. तू शुक्रवारी येशील?"

"माझं कुणाला ऐकू जाणार नसेल तर येईन."

दुसऱ्या दिवशी मावशी एकटीच दवाखान्यात गेली, मापाची वही घेऊन. खडूची रेघ सफाईवालीने केव्हाच पुसून टाकली होती. मावशी भिंतीशी उभी राहून औषधवाल्याला न्याहाळत राहिली, नवीन गिऱ्हाइकाचा खांदा कुठे उतरतो ते बघावं तशी. तो माणूस कार्ड वाचत नव्हता, समोरच्याच्या तोंडाकडे बघत होता. एका बाईने तोंडावर रुमाल धरला होता, तिला त्याने तीनदा विचारलं. एकाने मान खाली घालून सांगितलं, त्याच्यावर तो खेकसला. मग त्याच्या पाठीमागे कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. हॉलमधलं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. औषधवाल्याने मान वळवली नाही.

त्याला ऐकू येत नव्हतं. आणि ते तो लपवत होता, हेही मावशीच्या लगेच ध्यानात आलं. खिडकीवरच्या माणसाला ऐकू येत नाही हे वर कळलं तर त्याला खिडकीवर कोण ठेवणार? म्हणून तो आधीच ओरडायचा, म्हणजे लोक त्याला तापट म्हणतील, बहिरा म्हणणार नाहीत.

तिची पाळी आली. मागे पंधरा-वीस माणसं, कालचा फाईलवालाही होता. एक वाक्य पुरलं असतं. काल त्याने जावेचं जे केलं ते आज त्याचं करायचं. तिच्याइतका दणदणीत आवाज आळीत कुणाचा नव्हता. शब्द जिभेच्या टोकावर आले होते, आणि कालचा राग अजून गरम होता.

"काय पाहिजे? बोला ना!" तो ओरडला.

मावशीने वही उघडली, कोरं पान फाडलं, त्यावर लिहिलं आणि काचेखालून आत सरकवलं.

"तुम्हाला ऐकू कमी येतं. हे मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही माझं ऐकलंत तरी नाही, आणि नाही ऐकलंत तरीही नाही. माझी जाऊ शुक्रवारी येईल. तिला काय होतं ते तुम्हीही कुणाला ऐकवू नका. कागदावर विचारा, ती कागदावर सांगेल."

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मावशीच्या खांद्यावरून मागे पाहिलं, मागचं कुणी वाचत नाही ना ते. मावशी खिडकीला अंग लावून मुद्दाम अशी उभी होती की मागच्याला तिच्या पाठीशिवाय काही दिसू नये. या खिडकीवर बसून त्याने हजार लोकांना वाकवलं होतं; आज पहिल्यांदा त्यालाच वाकून लिहावं लागलं. कागद परत आला. खाली दोनच शब्द होते, "किती वाजता?"

मावशीने लिहिलं, "अकरा." त्याने पान घडी करून खिशात घातलं.

"झालं काय तिथे? प्रेमपत्र लिहिताय की काय?" मागून फाईलवाला.

"तुमची पाळी आली की तुम्हीही लिहा," मावशी म्हणाली, आणि निघाली.

अकरा वाजता जायचं आणि कागदावरच बोलायचं, एवढंच मावशीने जावेला सांगितलं होतं; का, ते नाही. शुक्रवारी तिने पिशवी उचलली तर जाऊ दारात आडवी उभी. "मी एकटी जाते."

"अगं पण तो फाईलवाला, तो वॉचमन..."

"एकटी जाते, जाऊबाई. तुम्ही आलात की सगळे आपल्याकडेच बघतात."

ते खरंच होतं. मावशी मशीनवर बसली. जाऊ गेल्यावर तिच्या लक्षात आलं की खडूच्या डब्यात निळा खडू नाही. मग तर हातातलं कामच सरकेना. एकाच बाहीची शिवण तिने तीनदा उसवली. गोळ्या काल संपल्या होत्या. जाऊ आज बागेतल्या बाकावर जाऊन बसली तर?

बारा वाजायला आले तेव्हा लॉन्ड्रीवाली तणतणत दुकानात शिरली आणि स्टुलावर आदळली. "काय गं, काय तुझी जाऊ! एवढी गरीब दिसते आणि चारचौघांत माझा पाणउतारा केला."

मावशीचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. "कुठे?"

"दवाखान्यात! फरशीवर ही एवढी रेघ मारून ठेवलीय, डाव्या हाताने, वाकडीतिकडी. आणि त्या खिडकीवाल्याचं काय बिनसलंय देव जाणे, तोंडातून शब्द नाही. हिचं आणि त्याचं नुसतं कागद देणं-घेणं चाललेलं. मी आपली काळजीने पुढे झाले, म्हटलं बघू तरी कसल्या गोळ्या देतोय. तर वळली माझ्याकडे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, 'फिटच्या. तुम्हीच तर आळीत सांगितलंत. यापुढे सांगायचं झालं तर मी सांगेन, मला वाटेल तेव्हा आणि मला वाटेल त्याला. रेघेच्या मागे व्हा.'"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? सगळे बघत होते. झाले मागे." लॉन्ड्रीवालीने पदराने वारा घेतला. "काखेत फाईल धरलेला एक मेला तर हसत होता."

दारात जाऊ उभी होती. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हाताची बोटं निळी, गुडघ्यावरही निळा डाग. चेहरा घामाने डबडबलेला, पण मान सरळ.

"मिळाल्या?" मावशीने विचारलं.

जावेने पिशवीतून पुडी काढली. लॉन्ड्रीवाली सवयीने स्टुलावरून उठून पुडीत डोकावायला पुढे आली. जावेने तिच्याकडे नुसतं बघितलं. लॉन्ड्रीवाली एक पाऊल मागे गेली, आणि मग स्टूलही मागे ओढून घेतलं.

जावेने एक गोळी तोंडात टाकली, माठातलं पाणी प्यायली आणि उरलेला खडूचा तुकडा डब्यात ठेवला. "एवढासाच राहिलाय. बाजारात गेलात तर नवा आणा. उद्यापर्यंत रेघ पुसतील ते."

"आपली पाळी आता महिन्याने आहे गं," मावशी म्हणाली.

"आपली महिन्याने," जाऊ म्हणाली आणि इस्त्रीपाशी जाऊन उभी राहिली. "उद्या तिथे दुसरं कुणी असेलच ना."